दाद कोणाकडे मागावी? शाळकरी मुलांतील मारहाण आणि पालक



स्मृतिव्याख्यानांतून सहसा थोरांचे कार्य सांगितले जाते. मी आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे, त्याला शिक्षणाच्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. मूल शाळेतून घरी येते, ओठ फुटलेला असतो, आणि खोदून विचारल्यावर ते वर्गातल्याच एका मुलाचे नाव घेते. अशा वेळी आईबापांनी दाद कोणाकडे मागावी? प्रत्येक काळाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले, आणि ते उत्तर पाहिले की शाळेत खरी सत्ता कोणाची होती हेही उमगते.

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्न उद्भवतच नसे. मुलाला शाळेत घालताना बाप गुरुजींना सांगे, ‘चमडी तुमची, हड्डी आमची’. आपल्या शहरातील दखनी बोलीतही हे वचन रूढ आहे. शब्द विनोदाने उच्चारले जात, पण त्यात एक करार होता. मुलाच्या शरीरावरचा अधिकार बापाने गुरूच्या हवाली केलेला असे. मग एका मुलाने दुसऱ्याला मारले तर न्याय गुरूच करणार, आणि तोही बहुधा दोघांना छड्या मारून. बापाने जाब विचारायला जाणे म्हणजे दिलेला शब्द मागे घेणे. ज्याला लागले त्याची वेगळी चौकशी करण्याचा रिवाज या करारात कोठे बसत नव्हता. जुन्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सालारजंगांच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या काळात, हैद्राबाद संस्थानाच्या न्यायव्यवस्थेला नवे वळण लागले. संस्थानाचा दंडसंग्रह ब्रिटिश हिंदुस्थानातील १८६० च्या दंडसंहितेच्या धर्तीचा होता. त्या संहितेत मुलांविषयी मोजकीच कलमे होती, पण ती मार्मिक होती. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे (कलम ८२). सात ते बारा या वयात मुलाची समज किती हे पाहावे (कलम ८३). आणि साधारण समजुतीचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा गुन्हा ठरत नाही (कलम ९५). शाळेच्या मैदानावरील निम्म्याहून अधिक भांडणे या शेवटच्या कलमात विरून जातात. उरलेल्यांसाठी कचेरीची वाट मोकळी होती खरी, पण ती उर्दूतून जात असे. मराठी कारकुनाने आपल्या मुलाच्या फुटलेल्या ओठासाठी मुन्शीकडून उर्दूत अर्ज लिहून घ्यावा, हे कल्पनेतही अवघड वाटते. शाळा बदलणे तरी सोपे होते का? मराठीतून शिकवणाऱ्या शाळा शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विवेकवर्धिनीच्या उभारणीत पुढाकार घेणारे केशवराव कोरटकर पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. शाळा आणि न्यायासन यांतले अंतर या छोट्याशा समाजात इतके कमी होते. मारणाऱ्या मुलाचा बाप त्याच गणेशोत्सवात शेजारी बसणारा असायचा. तक्रार तोंडावर न करता मध्यस्थामार्फत पोहोचवण्याची आपली सवय त्यातूनच आली असावी, असे मला वाटते.

त्याच सुमारास दूर देशी हा प्रश्न न्यायालयात गाजत होता. १८८९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, वॉकेशा येथील शाळेत, वर्ग सुरू झाल्यावर सुमारे अकरा-बारा वर्षांच्या मुलाने समोरच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या नडगीवर पायाने हलकेच ठोकले. तो पाय आधीच दुखावलेला होता, आणि पुढे तो कायमचा निकामी झाला. ज्यूरीने एकदा २८०० आणि दुसऱ्यांदा २५०० डॉलर भरपाई ठरवली. दोन्ही वेळा वरिष्ठ न्यायालयाने अन्य कारणांवरून फेरसुनावणी फर्मावली. पण १८९१ च्या निकालातील एक विवेचन आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. मधल्या सुट्टीत खेळताना हीच लाथ बसली असती तर खेळाने दिलेली मूक संमती मानता आली असती; शिक्षकाने वर्ग सुरू केल्यानंतर ती संमती संपते. मुलाला इजा करण्याचा हेतू नव्हता, तरी कृत्य गैर ठरले. इंग्लंडमध्ये १८९३ साली याहून दूरगामी निर्णय झाला. शाळेत हाती लागलेल्या फॉस्फरसशी एका मुलाने खेळ केला आणि दुसरा मुलगा भाजला. न्यायालयाने म्हटले की दक्ष पित्याने आपल्या मुलांची जेवढी काळजी घ्यावी तेवढी शिक्षकाने घेतली पाहिजे. ‘चमडी तुमची’ या कराराची ही दुसरी बाजू होती, आणि आपल्याकडे ती कोणी फारशी उच्चारली नव्हती.

तथापि या सर्व चर्चेत एक गृहीत दडलेले आहे: पालकाला शाळेच्या दारात उभे राहता येते. ज्यांना ते दारच बंद होते त्यांचे काय? मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर फळ्याकडे निघताच मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे धावत जाऊन बाजूला केले. कोणी हात उगारला नाही, अंगावर वळ उमटला नाही. दंडसंहितेच्या कोणत्या कलमाखाली रामजी सकपाळांनी फिर्याद करायची? आपल्या शहरात भाग्यरेड्डी वर्मा यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले. १९१० साली इसामिया बाजारात त्यांनी दलित मुलांसाठी शाळा काढली, आणि तिसाच्या दशकापर्यंत अशा शाळांची संख्या २६ वर गेली. दाद मागायला जागा नसेल तर जागा निर्माण करावी, हा पर्याय मोठ्या मनाचा खरा. पण तो एकट्या बापाच्या आवाक्यातला नव्हे, त्यासाठी चळवळ लागली.

१ एप्रिल १९५१ रोजी भारतीय दंडसंहिता हैद्राबादला लागू झाली, आणि त्याच वर्षी संस्थानाचा बालकायदाही झाला. त्यानंतरचा प्रवास १९८६, २००० आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यांचा आहे. त्यात सगळा विचार मारणाऱ्या मुलाचा आहे, आणि तो योग्यच आहे. २०१६ च्या नियमांनुसार, प्रौढ साथीदार नसेल तर फक्त घृणास्पद गुन्ह्यातच मुलाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल नोंदवतात. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. मंडळ समज देते, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगते, प्रसंगी पालकांना दंडही करते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणून ‘त्याला काढून टाका’ ही मागणी सहा ते चौदा वयोगटात मुख्याध्यापक मान्य करूच शकत नाहीत. छडीही त्याच कायद्याने गेली. लैंगिक अत्याचार असेल तर मात्र २०१२ च्या कायद्याने माहिती देणे सक्तीचे आहे. तेथे तडजोडीची भाषा बोलणारी शाळा स्वतःच गुन्ह्यात सापडते.

मग लागलेल्या मुलाच्या आईबापांच्या हाती काय राहते? जखमेचा वैद्यकीय दाखला, शाळेला त्याच दिवशी दिलेला लेखी अर्ज आणि त्यावरची पोच. तोंडी सांगितलेले वर्षाच्या शेवटी कोणाला आठवत नाही. शाळेच्या देखरेखीत कसूर असेल तर दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. व्यास नदीत १४ विद्यार्थी बुडाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेवरील अशी जबाबदारी उचलून धरली. हल्ला करणाऱ्या मुलाच्या आईबापांवर मात्र केवळ नात्यामुळे भरपाईची जबाबदारी येत नाही, त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. पालकांना बहुधा हे ठाऊक नसते, आणि शाळेच्या फाटकाशी आरडाओरडा होतो तो त्या दोन बापांमध्ये.

अल्पवयीन मुलाच्या वतीने दावा लावणाऱ्याला आपल्या कायद्याची मराठी ‘वादमित्र’ म्हणते. बाप मुलाचा वकील नव्हे, मालकही नव्हे, वादापुरता मित्र आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मूल सज्ञान होईपर्यंतचा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. बापाने संकोचाने किंवा शेजारधर्माने दावा लावला नाही, तरी अठरा वर्षांचे झाल्यावर ते मूल ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहू शकते. आणि तेव्हा शाळेच्या दप्तरातून तो जुना अर्ज बाहेर काढावा लागतो, जर कोणी तो लिहिला असेल आणि शाळेने जपला असेल तर.