पाहुण्याला एक खोली

एप्रिल 2020, सोलापूरचा पूर्व भाग. शहरातला पहिला रुग्ण 12 तारखेला पाच्छा पेठेत निघाला आणि आता गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेत. तुम्ही मुक्कामाला आलेले पाहुणे, आतच अडकलात. खोली एक, माणसं पाच, सहावे तुम्ही. यंत्रमागांचा खडखडाट बंद आहे. शेजारच्या घरातली शिंकसुद्धा ऐकू येते नि सगळे दचकतात.

वर पत्रा. दुपारचं ऊन त्यातून थेट डोक्यावर उतरतं. भिंतीला लागून पाण्याचे बॅरल, कारण नळ रोज येत नाही. दाराशी, उजेडात, विड्या वळणाऱ्या अक्काची जागा. पान भिजवायचं, साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. आज सूप रिकामं आहे. विडी कारखाना बंद, म्हणजे मजुरीही बंद.

रात्री अक्काच्या सासऱ्यांना कणकण येते. फोनवरचा माणूस सांगतो, "त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा."

"मामा, इकडं सरका जरा," म्हणत अक्का दोरीवर चादर टाकते. झाली वेगळी खोली! सकाळी मात्र सार्वजनिक संडासाच्या रांगेत मामा, तुम्ही नि अख्खी गल्ली. दाराची कडी सगळ्यांना एकच.

27 एप्रिलला दिल्लीहून सूचना येते: लक्षणं अगदी सौम्य असतील तर रुग्णानं घरीच राहावं, पण घरात तशी सोय हवी. सूचना चूक नाही. फक्त ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं मोकळी खोली असलेलं घर होतं. घर हाच कारखाना असतो, हे नव्हतं.

जरा मागे जा. गल्लीत लागू असलेला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगसाठी केलेला. तेव्हा मुंबई इलाख्यात माणसांना घराबाहेर काढून झोपड्यांत ठेवत, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवत. जुलूम झालाच. पण कोंदट घरात साथ वाढते, एवढं इंग्रज सरकारनं हेरलं होतं. 2020 मध्ये त्याच कायद्यानं माणसांना तसल्याच कोंदट घरांत बसवलं.

आता 19 जानेवारी 2024. सोलापूरजवळच्या कुंभारीत, कामगारांच्या रे नगर वसाहतीत 30,000 पैकी 15,000 घरांचं हस्तांतरण. कामगारांची ही घरांची मागणी कोरोनाआधीची. शेजारी विडी कामगारांची 10,000 घरं 2006 मध्येच झाली. अक्काबरोबर तुम्ही एका घरात शिरता. संडास घरातच आहे, त्याला स्वतःची कडी आहे. तुम्ही कौतुक करत असता. अक्का थेट नळापाशी जाते.

"पाणी किती दिवसांनी येतंय इथं?"