पाळी बंद झाल्यावर रक्त दिसले तर शुगरच्या गोळीवर ढकलू नका

सलग 12 महिने पाळी आली नाही की ती कायमची बंद झाली, असे मानतात. त्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, अगदी कपड्याला डाग लागण्याइतके, तरी डॉक्टरांना दाखवावे. आमच्या मोहने परिसरात मात्र "शुगरची गोळी गरम पडली असेल" म्हणून बायका गप्प बसतात.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनमुळे सहसा गर्भाशयातून रक्त जात नाही. उलट डायबिटीस आणि वाढलेले वजन यांमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पाळी बंद झाल्यावरही शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होते आणि त्याने अस्तर जाड होते.

घाबरून जाऊ नये. असे रक्त जाणाऱ्या 10 बायकांपैकी साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. बाकींच्यात योनीचा कोरडेपणा, मस्सा अशी कारणे असतात. पण हा कॅन्सर झालेल्या 10 पैकी 9 जणींना रक्त जाते. म्हणजे हा इशारा लवकर मिळतो आणि लवकर सापडला तर इलाज चांगला होतो.

रक्त लघवीतून आले का, तेही पाहा. पायोग्लिटाझोन या गोळीचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध असल्याच्या शंकेवरून सरकारने जून 2013 मध्ये तिची विक्री थांबवली होती. जुलैअखेर इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही सांगा. मात्र कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणीत आधी सोनोग्राफी होते. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. जाड असेल किंवा रक्त पुन्हा गेले तर अस्तराचा तुकडा तपासतात. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची असते, तेवढ्यावर थांबू नये.

आंबिवलीहून लोकलने दुसरेच स्टेशन कल्याण. तिथे महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे. संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा. गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

हे रक्त इस्तिहाजा आहे का, नमाजचे काय, हा मसला आलिमांना विचारावा. रक्त का आले, हे डॉक्टरच सांगतील. अम्मी, खाला, सासूबाई स्वतःहून बोलणार नाहीत. आपणच विचारू या.