अठरा अक्षरांवरचा पहारा

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया-ए च्या पाच रुग्णांवर झालेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक रुग्णांच्याच मूलपेशींत नेणारे वाहन होते लेंटिव्हायरस, म्हणजे रेट्रोव्हायरसच्याच कुळातले. अशा उपचारामागे एक जुनी धास्ती असते : जनुक पेशीत पोहोचले, तरी पेशी त्याला कार्य करू देईल काय?

या धास्तीचे मूळ १९७७ पर्यंत जाते. उंदराच्या भ्रूणीय कर्कपेशी अविभेदित असताना त्यांत म्यूरिन ल्युकेमिया विषाणू वाढत नाही आणि त्याच पेशी विभेदित झाल्या की सुखेनैव वाढतो, असे तेव्हा दिसून आले. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात नीट जोडला जात असे. त्यावरून आरएनए तेवढा तयार होत नसे. प्रथम संशय डीएनएच्या मेथिलीकरणावर गेला. परंतु विषाणू मूक होतो आधी आणि मेथिलीकरण येते मागाहून, हे १९८३ मध्ये स्पष्ट झाले.

मग १९८६ मध्ये बार्कलिस, मलिगन आणि येनिश यांना या पेशींतही अभिव्यक्त होणारा एक बंडखोर विषाणू आढळला. त्याचे रहस्य एका अक्षराच्या बदलात होते, आणि तो बदल मोठ्या मार्मिक जागी होता. डीएनए घडवण्याचा आरंभ करताना विषाणू यजमानाचाच प्रोलीन टीआरएनए ज्या अठरा अक्षरांवर बसवतो, नेमकी ती जागा! विषाणूला ती सहजी बदलता येत नाही. नव्या प्रतीत तेथील मजकूर टीआरएनएवरूनही उतरू शकतो. पहाऱ्यासाठी यापेक्षा चांगले ठिकाण कोणते असणार?

पहारेकरी ओळखायला मात्र आणखी दोन दशके लागली. कोलंबिया विद्यापीठातील वुल्फ आणि गॉफ यांनी २००७ मध्ये ट्रिम२८ हे प्रथिन शोधले. ते स्वतः डीएनए वाचत नाही. ती अक्षरे ओळखणारे झेडएफपी८०९ त्यांनाच २००९ मध्ये गवसले. ते ट्रिम२८ ला बोलावते. ट्रिम२८ हिस्टोनांवर मेथिल खुणा उमटवणारी विकरे आणते आणि तो भाग घट्ट गुंडाळला जातो. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींतून ट्रिम२८ काढून टाकताच जीनोममधले प्राचीन रेट्रोव्हायरस जागे झाले, हे २०१० मध्ये दिसले.

लेंटिव्हायरस प्रोलीनऐवजी लायसीन टीआरएनए वापरतो, त्यामुळे झेडएफपी८०९ त्याला ओळखत नाही. तरी मानवी पेशींत इतर पहारे आहेतच. हश हा प्रथिनसंच २०१५ मध्ये उजेडात आला. वेल्लोरच्या पाचही रुग्णांत, एकत्रित ८१ महिन्यांच्या पाठपुराव्यात, ते जनुक मूक झालेले नव्हते.