गाणाऱ्या मुलाचा खर्च

गाणे शिकू पाहणाऱ्या मुलाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. पुढे ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले, ते तेथील संस्थानिकांच्या आश्रयाने. पण असा आश्रय किती मुलांच्या वाट्यास यावा?

बुवांनी हे ध्यानी धरले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी उपदेशक वर्ग चालविला. मुलाने नऊ वर्षे राहण्याचे लिहून द्यावे. शिक्षण, जेवण व राहणे विद्यालयाकडे. विनायकराव पटवर्धन लाहोरास शिकले, ते मिरज संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. भडोचच्या ओंकारनाथ ठाकुरांना शेठ शापुरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनी मुंबईच्या विद्यालयात पाठविले.

तथापि दाते मोजके आणि मुले पुष्कळ. उरलेला भार बुवांनी जलसे करून व कर्ज काढून वाहिला. अखेर १९२४ साली मुंबईची वास्तू लिलावात गेली. शिष्य मात्र उरले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यास पुन्हा गांधर्व महाविद्यालय उभे केले.

आज आम्ही तिकीट काढून गाणे ऐकतो आणि आपले देणे फिटले असे समजतो. गवई घडत असताना त्याच्या ताटात कोणी वाढले, हे आम्ही विचारीत नाही. ते विचारू लागलो, तर आपल्याच गल्लीत गळा असलेले एखादे मूल आम्हांस दिसेल.