शोकाचा काळा, शौकाचा काळा

काळा रंग आपल्याकडे संक्रांतीला चालतो, मंगळसूत्रात तर लागतोच, बाळाच्या गालावर तीट म्हणूनही चालतो. पण एखादी मुलगी रोजच काळे कपडे, काळी नेलपॉलिश, गळ्यात चांदीची कवटी आणि हातात शवपेटीच्या आकाराची पर्स अशी फिरायला लागली तर? घरात पहिला प्रश्न येईल, "काय गं, कोण गेलं?" इंग्लंडमध्ये अशा मुलामुलींना गॉथ म्हणतात. गंमत म्हणजे त्यांच्या दागिन्यांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न अगदी बरोबर आहे.

गॉथिक हा शब्द आधी टोकदार कमानींच्या चर्चना लावला गेला. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन त्याच वळणाचं. पुढे पडक्या वाड्यांतल्या भुताखेतांच्या कादंबऱ्यांनाही तेच नाव मिळालं. पण आज मला बोलायचंय ते दागिन्यांबद्दल.

14 डिसेंबर 1861 रोजी राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट वारला. त्यानंतर 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत राणी काळ्या कपड्यांतच राहिली. शोकाचे नियम आधीपासूनच होते, तिच्यामुळे ते आणखी घट्ट झाले. सुखवस्तू घरातल्या विधवेनं दोन-अडीच वर्षं सुतक पाळायचं. पहिलं वर्ष अंगावर क्रेप, म्हणजे चमक काढून टाकलेलं, सुरकुतलेलं काळं कापड. पावसात भिजलं की त्याचा रंग अंगाला लागायचा. पत्र लिहायचं तेही काळ्या काठाच्या कागदावर, आणि दिवस जातील तसा तो काठ बारीक होत जायचा. शेवटी करडा, फिका जांभळा असे रंग हळूहळू परत मिळायचे. विधुराला मात्र टोपीला काळी फीत आणि काळे हातमोजे एवढ्यावर भागायचं. तो कामाला जाई, आणि लवकर दुसरं लग्न केलं तरी फारसं कोणी बोलत नसे. ऐकताना आपल्याकडचं आलवण आठवतं ना? फरक एवढाच, की तिथला काळा पोशाख मुदत संपली की उतरवता येई. आलवण जन्माचं होतं.

या धाकात बाजारही फोफावला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1841 पासून शोकाच्या सामानाचं मोठं दुकान होतं. दागिने घालायचे तर जेटचे. जेट म्हणजे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचं, दबून दगडासारखं झालेलं लाकूड. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावाजवळ ते मिळतं. 1870 च्या दशकात तिथे दीड हजाराच्या आसपास कारागीर त्यातून ब्रोच, माळा, लॉकेट कोरत होते. लॉकेटच्या आत गेलेल्या माणसाचे केस जपायचे. ज्यांना जेट परवडत नसे त्या काळ्या काचेचे मणी घेत. काच हाताला गार आणि जड लागते, जेट हलकं आणि कोमट. न चकाकणाऱ्या चिनी मातीवर घासलं की जेटची तपकिरी रेघ उठते.

पुढे ही पद्धत मोडली आणि आजीचे ब्रोच डब्यात पडून राहिले. त्यांना पुन्हा बाहेर काढलं ते 1980 च्या आसपासच्या पोरींनी. सूझी सू या गायिकेसारखं काळं काजळ, विस्कटलेले केस. 1982 मध्ये लंडनला सुरू झालेला 'बॅटकेव्ह' क्लब त्यांचा अड्डा. खिशात पैसे कमी, म्हणून जुन्या बाजारातून लेसचे हातमोजे, जेटच्या माळा, काळ्या छत्र्या उचलायच्या. व्हिटबीत तर 1994 पासून गॉथ लोकांची जत्राच भरू लागली, कारण ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत ड्रॅक्युला याच गावाच्या किनाऱ्याला लागतो. मला या सगळ्यात कवटी आणि वटवाघळांपेक्षा ती जुनी माळ मोलाची वाटते. पणजीच्या गळ्यात ती लोकांच्या डोळ्यांच्या धाकानं होती. पणतीनं ती स्वतः निवडली, तिला आवडली म्हणून. लग्नालाही घातली.

हा शौक प्रत्येकीला फुकटात मिळाला असं नाही. ऑगस्ट 2007 मध्ये लँकशायरमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी मित्राबरोबर बागेतून जात होती. दोघेही गॉथ. काही पोरांनी आधी मित्राला लाथाबुक्क्यांनी मारलं. तो खाली पडल्यावर सोफीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिलाही मारलं. तेरा दिवसांनी ती गेली. दोघांना खुनाची शिक्षा झाली, आणि हल्ला केवळ त्यांच्या दिसण्यावरून झाला, असं न्यायाधीशांनी सांगितलं. सोफीच्या आईनं पुढे वर्षानुवर्षं शाळाशाळांतून जाऊन या विषयावर मुलांशी बोलायचं काम केलं. 2013 पासून मँचेस्टर भागातल्या पोलिसांनी गॉथ लोकांवरचे असे हल्ले द्वेषातून केलेले गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

व्हिटबीत आता सोफीच्या नावाचं एक बाक आहे. जत्रेला आलेल्या मुली तिथे थांबतात.