बेसबॉल-तिकिटे, ऑनलाइन विक्री

अमेरिकेतील ‘मेजर लीग बेसबॉल’ या व्यावसायिक संघटनेच्या सामन्यांचा प्रवेशहक्क संगणक अथवा मोबाइल यांच्या द्वारा विकण्याची, आणि एकदा विकलेला हक्क पुन्हा तिसऱ्याच्या नावे करून देण्याची व्यवस्था. संघटनेत ३० संघ असून प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात १६२ सामने येतात व त्यांतील ८१ त्याच्या स्वतःच्या मैदानावर होतात. कसोटी सामना आपल्या शहरी केव्हा येतो याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आपल्याकडील रसिकास ही संख्या अद्भुत वाटेल, परंतु या विक्रीचे अवघे अर्थशास्त्र तिच्यातच सामावलेले आहे. एप्रिलमधील बोचऱ्या थंडीत मंगळवारी रात्री होणारा एखाद्या दुर्बळ संघाशी सामना आणि जुलैतील शनिवारी यांकीज व रेड सॉक्स या कट्टर प्रतिस्पर्धी संघांत जुंपणारी झुंज, या दोहोंसाठी त्याच खुर्चीला तोच दर लावणे कितीही सरळपणाचे दिसले, तरी बाजार ते मानीत नाही, हे मालकांच्या ध्यानात फार उशिरा आले.

ते आणून दिले दलालांनी. मैदानाच्या दरवाजाबाहेर चढ्या भावाने तिकिटे खपवणाऱ्या ज्या मंडळींना पिढ्यानपिढ्या हुसकावण्यात आले, त्यांचाच धंदा २००० साली स्थापन झालेल्या ‘स्टबहब’ या पेढीने इंटरनेटवर उजळ माथ्याने मांडला. सबंध हंगामाची तिकिटे आगाऊ घेणारे ग्राहक नको असलेल्या दिवसांची तिकिटे तेथे विकू लागले, आणि कोणत्या सामन्याला खरी किंमत किती, हे चव्हाट्यावर आले. २००७ मध्ये संघटनेने याच पेढीशी करार करून तिला अधिकृत पुनर्विक्रेत्याची सनदच बहाल केली. २०२३ पासून तो मान ‘सीटगीक’ या पेढीकडे गेला आहे.

दलालाला मिळणारा नफा आपणच का घेऊ नये, या विचारातून बदलत्या दरांची पद्धत फोफावली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाने २००९ मध्ये सुमारे २,००० खुर्च्यांवर तिचा प्रयोग केला व पुढील वर्षी सर्व मैदानास ती लागू केली. प्रतिस्पर्धी कोण, वार कोणता, चेंडू टाकणारा नामांकित आहे की नवखा, हवामान कसे, शिल्लक किती, हे सारे जमेस धरून दर वरखाली होतो. तथापि रिकामी खुर्ची ही संध्याकाळच्या पालेभाजीसारखी, सामना संपताच कवडीमोल होणारी असल्यामुळे, मागणी बेताची असेल तर पुनर्विक्रीच्या बाजारात भाव बहुधा अखेरच्या काही तासांत कोसळतो. धीर धरणाऱ्याला त्या वेळी उत्तम जागा स्वस्तात मिळते. अंतिम स्पर्धेच्या सामन्यांना मात्र हा नियम लावू नये.

ग्राहकाची जुनी तक्रार दरापेक्षा शुल्काबद्दल आहे. जाहीर किमतीवर पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला ‘सोयीचे शुल्क’ चढवले जाई; सोय नक्की कोणाची, हे कोणी सांगत नसे. १२ मे २०२५ पासून अमलात आलेल्या संघराज्य-नियमानुसार सक्तीच्या शुल्कांसह एकूण रक्कम प्रारंभीच दाखवणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले आहे. स्वयंचलित प्रणालींकरवी विक्रीवरील मर्यादा चुकवून घाऊक तिकिटे बळकावण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई केली होती. तिचा धाक मात्र बेताचाच राहिला.

विकत घेतलेले तिकीट आता बहुतेक मैदानांत मोबाइलच्या पडद्यावरच दाखवावे लागते. फाटलेल्या कागदाचा उरलेला अर्धा भाग पूर्वी प्रेक्षकाच्या खिशात राही. पावसाने खेळ अपुरा राहिला, तर तोच दाखवून दुसऱ्या सामन्याला प्रवेश मिळवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून होती. मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर प्रथम उतरला, त्या दिवसाचा असा एक तुकडा २०२२ मध्ये लिलावात ४,८०,००० डॉलरांना गेला. आजच्या तिकिटाचा काहीच अंश हाती उरत नसल्याने, ज्यांना आठवण जपायची आहे त्यांच्यासाठी छापील स्मरणतिकिटे वेगळे दाम घेऊन विकली जातात. त्यांवर आत मात्र कोणी सोडत नाही.