राखणदारावर राखण कोणाची?

इतिहासाची पुस्तकं राजापासून सुरू होतात. आपण काठीपासून सुरू करू. रात्रभर वेशीवर जागणारी काठी महाराच्या हातात होती. येसकरानं वेस राखायची, तराळानं पाटलाचा निरोप ठाण्यात पोचवायचा, चोराचा माग काढायचा, बेवारशी मढं सापडलं तर पंचनामा होईस्तोवर त्याच्याशेजारी बसायचं. म्हणजे गावचा पोलीस आपला आजाच. पण कोणाला धरायचं न् कोणाला सोडायचं हे ठरायचं चावडीत, आणि आजा चावडीच्या बाहेर उभा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं, ते या राबणुकीवर बोट ठेवून. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ च्या ॲक्टानं, बाबासाहेब गेल्यावर. पुढं १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील सरकारनं नेमायचा ठरला. काठी सरकारजमा झाली. चावडी कोणाची, हा सवाल तसाच राहिला.

हे मी वडप्यात बसून लिहितोय. गिरणीत रातपाळी करतो, दिवसा जमेल तसं वाचतो. समोर नाशिकचा हायवे, चहूकडं गोदामं. भिवंडी शहर जवळच, पण शहर ठाण्याच्या पोलीस आयुक्ताखाली आणि आमचं गाव ग्रामीणच्या तालुका पोलिसांकडं. ही हद्द ध्यानात ठेवा.

७ मे १९७०. शिवजयंतीची मिरवणूक, आणि भिवंडी पेटली. खोणी, नागावही सुटली नाहीत. लोण जळगावला गेलं, महाडला गेलं. होय, आपल्या चवदार तळ्याचं महाड. न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, या तीन गावांचा मिळून एकच अहवाल १९७५ मध्ये आला, सात खंडांचा. आपल्या पोरांनी तो वाचला पाहिजे. दंगल कोणी पेटवली एवढंच त्यात नाही, दंगलीनंतर पोलिसांनी काय केलं तेही आहे. तपासाला जे खास पथक नेमलं होतं, त्यानं मुसलमानांना खोटंनाटं गुंतवलं आणि हिंदू दंगलखोरांना सोडवलं, असं हायकोर्टाचा न्यायमूर्ती लिहितो. मेले जास्त मुसलमान, आणि धरलेही जास्त मुसलमानच : ९०१, त्यांच्यापुढं हिंदू २१. दंगल एकदा होते, पण तपास वर्षानुवर्षं चालतो. घरं पहिल्यांदा जमाव जाळतो, दुसऱ्यांदा कागद जाळतो.

अहवाल कपाटात गेला. मे १९८४ मध्ये भिवंडी परत जळाली.

मग १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे नावाचा डीसीपी आला. त्यानं शहरात सत्तरेक मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान, आणि त्यांच्यात पोलीस बसलेला. नळाचं भांडण, गटाराचं भांडण तिथंच मिटवायचं. अफवा उठली तर कॉन्स्टेबलला माणसं नावानिशी ठाऊक. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळली, भिवंडी जळली नाही. हे मोठंच काम झालं, त्याला नाव ठेवणार नाही.

पण दोन गोष्टी खटकतात. निम्मे हिंदू निम्मे मुसलमान अशी मोजणी केली, तर बौद्ध वस्ती कुठल्या रकान्यात? आणि हे सगळं उभं होतं अधिकाऱ्याच्या भलेपणावर, कायद्यावर नाही. साहेब भला म्हणून कमिटी. साहेबाची बदली झाली की मग? शिवाय शहराची हद्द संपली की कमिटीही संपली. वडप्याच्या वाट्याला काय?

५ जुलै २००६ ला त्याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला. दोन तरणी पोरं मेली, आणि जमावानं दोन पोलीस मारले. ते दोघंही पगारावर जगणाऱ्यांचीच लेकरं.

त्याच साली, २२ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टानं प्रकाश सिंग केसमध्ये सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारीला वेगळं प्राधिकरण पाहिजे. बरोबर सात दिवसांनी, २९ ला, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गेली. महाराष्ट्रानं प्राधिकरणासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ ला. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा जण गोळ्यांनी मेले, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याला सेशन कोर्टाची शिक्षा व्हायला २००९ उजाडलं.

मागच्या हिवाळ्यात पाळी सुटल्यावर आम्ही दोघं चालत येत होतो, मी आणि माझा जोडीदार अन्सारी. एका नाक्यावर शिपायानं थांबवलं. नाव विचारलं. मग आडनाव. मग "राहतो कुठं?" वस्तीचं नाव ऐकल्यावर पिशव्या उलट्या केल्या. डबा, लुंगी, वही. वहीत कविता होत्या. त्यानं दोन पानं वाचली आणि म्हणाला, "हे कशाला लिहितो रे?" मी गप्प. नाक्याचं नाव लिहीत नाही, कारण तो नाका सगळीकडंच आहे.

आता कामाचं. ॲट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला १७ वा नियम वाचा. जिल्ह्याला दक्षता समिती, अध्यक्ष कलेक्टर, एसपी सभासद, आणि आपली बिनसरकारी माणसंही. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक पाहिजे. तशीच समिती प्रांताच्या पातळीवर. कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी सरकारी नोकराला शिक्षा सांगतं. ही कमिटी कुणा साहेबाच्या मेहेरबानीची नाही, आणि तिला शहराची हद्द नाही. वडपेही तिच्यात येतं.

गेल्या सोमवारी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून प्रांत ऑफिसात माहितीचा अर्ज टाकला : समितीवर आपली माणसं कोण, शेवटची बैठक कधी, किती केसांवर चर्चा झाली. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. आपापल्या तालुक्यातून तुम्हीही टाका, आणि पोच आमच्याकडं पाठवा.